धुक्यांतील विमान आणि ७९ वा मजला

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यहि आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, पहिली शाळा कोणाच्या ओट्यावर भरली, हें सर्व अशा स्मरणिकेंत नमूद होत असतें. परंतु धर्मग्रामाचा इतिहास केवळ धर्मग्रामाच्या शिवेंतच घडतो असें नाहीं. आमच्यांतील वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांना लहानपणीं देवळाच्या आवारांत वांटलें जाणारें परदेशी धान्य आणि दुधाची भुकटी आठवत असेल. तें कोणीं पाठविलें, असें त्या काळीं कोणी फारसें विचारीत नसे. अमेरिकेहून आलें, एवढें उत्तर पुरेसें होई. अमेरिकेंतील ज्या कॅथॉलिक संस्थेच्या द्वारें अशी मदत आपल्या देशांत येऊं लागली, तिच्या आरंभींच्या इतिहासांत अग्नीनें होरपळलेलें एक पान आहे. तें पान वाचकांपुढें उघडावें, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

ही संस्था अमेरिकेंतील महागुरुस्वामींनीं १९४३ सालीं स्थापन केली. दुसरें महायुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें. संस्थेचें त्या वेळचें नांव वॉर रिलीफ सर्व्हिसेस, म्हणजे युद्धपीडितांची मदत करणारी संस्था, असें होतें. पुढें १९५५ सालीं तें बदलून कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस असें ठेवण्यांत आलें, व त्याच नांवानें ती आज जगभर ओळखली जाते. आरंभींच्या वर्षांत तिचे कार्यकारी संचालक मॉन्सिन्योर पॅट्रिक ओबॉयल हे होते. हेच धर्मगुरु पुढें १९४८ सालीं वॉशिंग्टनचे आर्चबिशप व १९६७ सालीं कार्डिनल झाले.

संस्थेनें हातीं घेतलेल्या पहिल्या कार्यांपैकीं एक कार्य पोलंडच्या निर्वासितांचें होतें. १९३९ सालीं रशियानें पोलंडचा पूर्व भाग व्यापिल्यावर तेथील असंख्य कुटुंबांस घरांतून उठवून सैबेरिया व मध्य आशिया या दूरच्या मुलुखांत हद्दपार केलें होतें. १९४२ सालीं त्यांपैकीं एक लाखाहून अधिक लोक, सैनिक व त्यांचीं बायकामुलें, इराणांत येऊन पोहोंचले. तेथून त्यांची पांगापांग झाली. मेक्सिको देशानें लिऑन शहराजवळ सांता रोसा येथें सुमारें १४०० जणांस आश्रय दिला, आणि तेथें या अमेरिकन संस्थेनें त्यांची काळजी वाहिली. वाचकांस हें ऐकून नवल वाटेल कीं, मेक्सिकोस गेलेली त्यांची पहिली तुकडी १९४३ सालीं आपल्या मुंबई बंदरांतूनच अमेरिकन जहाजावर चढली होती. त्यांच्याच भाऊबंदांपैकीं सुमारें पांच हजार जण युद्धकाळांत आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिले. सारांश, ज्या दुःखावर फुंकर घालण्यास ही संस्था निघाली होती, तें दुःख महाराष्ट्राच्या अंगणापर्यंत आलेलें होतें.

या संस्थेचें कार्यालय न्यूयॉर्क शहरांत एम्पायर स्टेट इमारतीच्या ७९ व्या मजल्यावर होतें. ही इमारत १९३१ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेस खुली झाली. तिचे मजले १०२, उंची १२५० फूट; त्या काळीं जगांत तिच्याहून उंच इमारत नव्हती. ८६ व्या मजल्यावरून शहर पाहण्यासाठीं लोक लांबलांबून येत. परंतु ७९ व्या मजल्यावरील कार्यालयांत भव्य असें कांहीं नव्हतें. तेथें टंकलेखन करणाऱ्या मुली, हिशेबनीस, पत्रव्यवहार पाहणारे कारकून अशीं साधीं माणसें काम करीत. कोणत्या देशांत अन्न हवें, कोठें कपडे हवेत, कोठें औषधें, याचीं पत्रें त्यांच्या मेजांवर येत व उत्तरें जात. उपाशी माणसाच्या हातीं भाकर पडण्यापूर्वीं कोठेंतरी कोणीतरी कागद लिहावा लागतो. हे कागद लिहिणारे हात कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत, व त्यांचे आभारहि कोणी मानीत नाहीं.

१९४५ सालच्या जुलै महिन्याची २८ तारीख, शनिवार. जर्मनीनें शरणागति पत्करून अडीच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. जपानशीं युद्ध मात्र अद्याप चालूं होतें. त्या सकाळीं न्यूयॉर्कवर दाट धुकें उतरलें होतें. शनिवार असल्यामुळें एम्पायर स्टेट इमारतींत नेहमींच्या मानानें फार थोडीं माणसें होतीं. मदत-कार्यालय मात्र उघडें होतें, कारण युरोपांतील भुकेला शनिवार-रविवारची सुट्टी नसते.

त्याच सकाळीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील बेडफर्ड येथील लष्करी विमानतळावरून बी-२५ मिचेल जातीचें एक बाँबफेकी विमान न्यूअर्कला जाण्यास निघालें. हें दोन इंजिनांचें विमान. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारें ६७ फूट. याच जातीच्या विमानांनीं १९४२ सालच्या एप्रिलमध्यें टोकियोवर बाँब टाकून जपानला प्रथम हादरा दिला होता. चालक लेफ्टनंट कर्नल विल्यम स्मिथ. वय अवघें २७. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा पदवीधर. जर्मनीवरील बाँबफेकीच्या मोहिमांतून सुखरूप परतलेला, पदकें मिळविलेला अधिकारी. त्याच्याबरोबर लष्करांतील एक सार्जंट होता, आणि आयत्या वेळीं जागा मागून चढलेला नौदलांतील एक तरुण कारागीर. या तरुणाचा भाऊ युद्धांत पडला होता. ब्रुकलिनमध्यें शोक करीत असलेल्या आईबापांस भेटावयास तो निघाला होता. युद्धानें एक पुत्र नेला होता. दुसरा त्यांचें सांत्वन करण्यासाठीं निघालेला वाटेंतच जावयाचा होता.

न्यूयॉर्कजवळ येतांच स्मिथनें बिनतारी यंत्रावरून ला गार्डिया विमानतळाच्या मनोऱ्याशीं संधान बांधलें व न्यूअर्कची हवा कशी आहे, याची चौकशी केली. मनोऱ्यांतील अधिकाऱ्यानें त्याला धुक्याची कल्पना दिली. आपल्या जागेवरून एम्पायर स्टेट इमारतीचें शिखर दिसत नाहीं, असेंहि त्यानें स्पष्ट बजावलें. स्मिथनें न्यूअर्कला जाऊं देण्याची विनंति केली. पुढचें किमान तीन मैलांपर्यंत दिसत असेल तरच जावें, नाहींतर परत फिरून येथें उतरावें, अशा अटीवर परवानगी मिळाली. स्मिथनें आभार मानले आणि विमान मॅनहॅटन बेटाच्या दिशेनें वळविलें. न्यूअर्क तेथून कांहीं मिनिटांच्या अंतरावर होतें.

येथें वाचकांस थोडा खुलासा केला पाहिजे. विमान चालविण्याच्या दोन रीति आहेत. एकींत वैमानिक आपल्या डोळ्यांनीं जमीन, नदी, रस्ते पाहून वाट काढतो. दुसरींत तो बाहेर न पाहतां केवळ समोरच्या यंत्रांवर व बिनतारी संकेतांवर विसंबतो. पहिल्या रीतीनें चाललेला वैमानिक धुक्यांत सांपडला कीं जमीन दिसावी म्हणून खालीं उतरूं लागतो. आणि जितका खालीं येतो, तितका टेकड्यांच्या व इमारतींच्या अधिक जवळ येतो. हाच सांपळा आहे. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. धुक्यांत किनारा दिसेनासा झाला असतां घाईनें होडी हांकारणारा खडकावर आपटतो, आणि थांबून राहणारा उशिरां कां होईना, घरीं पोहोंचतो. परंतु होडी थांबवितां येते. विमान हवेंत थांबवितां येत नाहीं. त्याला फक्त वर जातां येतें किंवा मागें फिरतां येतें. यांपैकीं एकहि गोष्ट त्या सकाळीं वेळेवर घडली नाहीं.

धुक्याचा पडदा क्षणभर फाटला तेव्हां विमान शहराच्या मध्यभागीं गगनचुंबी इमारतींच्या रांगांमध्यें होतें. रस्त्यांवरील लोकांनीं माना वर करून पाहिलें. विमान एक-दोन इमारतींस चुकवून गेलें, आणि समोर एम्पायर स्टेट इमारतीची भिंत उभी राहिली. शेवटच्या क्षणीं स्मिथनें विमान वळविण्याचा व उंच नेण्याचा यत्न केला, असें पाहणारे सांगतात. सकाळीं ९ वाजून ४० मिनिटांनीं तें ३४ व्या रस्त्याच्या बाजूनें, ७८ ते ८० या मजल्यांच्या दरम्यान इमारतींत घुसलें.

आघातानें भिंतीला सुमारें १८ फूट रुंद व २० फूट उंच भगदाड पडलें. टाक्यांतील पेट्रोल पेटून मजल्यावर पसरलें. एक इंजिन सबंध इमारत आरपार भेदून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडलें आणि ३३ व्या रस्त्यावरील एका इमारतीच्या छपरावर कोसळलें; तेथें आग लागून एका शिल्पकाराची कार्यशाळा भस्म झाली. दुसरें इंजिन लिफ्टच्या बोगद्यांतून तळापर्यंत गेलें. एम्पायर स्टेट इमारतीचा पोलादी सांगाडा मात्र ढळला नाहीं. भगदाडाच्या अगदीं समोर पडलें होतें तें मदत-कार्यालय.

त्या कार्यालयांतील जीं माणसें मधल्या भागांत बसलीं होतीं, त्यांपैकीं बहुतेकांना आपल्या खुर्चीवरून उठण्यासहि अवसर मिळाला नाहीं. कांहीं जणी टोकाच्या एका खोलींत अडकल्या. त्यांच्यामध्यें व बाहेर जाण्याच्या दारामध्यें आग होती. त्यांनीं दार लावून घेतलें, खिडकी उघडली आणि वाट पाहिली. त्यांतल्या एका तरुणीनें आपण आतां वांचत नाहीं असें समजून बोटांतल्या दोन अंगठ्या काढून खिडकींतून खालीं टाकल्या. निदान त्या तरी कोणाच्या उपयोगी पडाव्या, असा तिचा विचार होता. पुढें अग्निशामक दलाचे जवान वर येऊन पोहोंचले व त्यांनीं त्या सर्वांना बाहेर काढलें. त्या अंगठ्याहि खालीं रस्त्यावर सांपडल्या, आणि तिच्या तिला परत मिळाल्या.

अग्निशामक जवानांचें काम अतिशय कठीण होतें. लिफ्ट जेथपर्यंत चालत होत्या तेथपर्यंत ते लिफ्टनें गेले. पुढें पाण्याचे नळ खांद्यावर घेऊन जिन्यानें चढले. तरीहि सुमारें ४० मिनिटांत त्यांनीं आग आटोक्यांत आणली. इतक्या उंचीवर लागलेली आग यशस्वीपणें विझविल्याचें दुसरें उदाहरण तोंपर्यंत नव्हतें. शहराचे महापौर ला गार्डिया हेहि त्या धुमसत्या मजल्यापर्यंत स्वतः चढून गेले. वाटेनें जात असलेला, तटरक्षक दलांतील १७ वर्षांचा एक वैद्यकीय साहाय्यक जवळच्या औषधांच्या दुकानांत धांवला, तेथून पट्ट्या व औषधें घेतलीं आणि कोणीं न सांगतां जखमींच्या सेवेस लागला.

लिफ्ट चालविणाऱ्या बेटी लू ऑलिव्हर या २० वर्षांच्या मुलीची हकीकत सर्वांत विलक्षण आहे. ८० व्या मजल्यावर असतां ती आघातानें फेकली जाऊन भाजली. तिच्यावर प्रथमोपचार करून तिला खालीं नेण्यासाठीं दुसऱ्या एका लिफ्टमध्यें बसविण्यांत आलें. त्या लिफ्टच्या तारा विमानाच्या तुकड्यांनीं आधींच निकामी होत आल्या होत्या, हें कोणाला कळावें? तारा तुटल्या आणि लिफ्ट ७५ मजले खालीं तळघरापर्यंत कोसळली. बोगद्यांत दबलेली हवा व खालीं वेटोळें होऊन पडलेल्या तारा यांनीं आघात कांहींसा सौम्य झाला असावा. तिचीं हाडें मोडलीं, परंतु ती वांचली. कांहीं महिन्यांच्या उपचारानंतर ती बरी झाली व १९९९ सालापर्यंत जगली. एकाच दिवशीं, एकाच इमारतींत मरण एकाला खुर्चीवर गांठतें व दुसऱ्याला ७५ मजल्यांवरून पडूनहि सोडून देतें, याचा उलगडा कोणीं करावा?

त्या दिवसाच्या दुर्घटनेंत एकंदर १४ जण मृत्युमुखी पडले. तिघे विमानांतील होते. उरलेले ११ इमारतींतील, आणि त्यांत बहुतेक त्या मदत-कार्यालयाचेच होते. जखमी झालेल्यांची संख्या दोन डझनांच्या घरांत होती. इमारतीचें नुकसान दहा लक्ष डॉलर इतकें धरण्यांत आलें. तरी सोमवारीं तिचे बरेचसे मजले नेहमींच्या व्यवहारास पुन्हा खुले झाले. नऊ दिवसांनीं, ऑगस्टच्या ६ तारखेस, हिरोशिमावर अणुबाँब पडला, आणि १५ तारखेस जपाननें शरणागति जाहीर केली. त्या प्रचंड वार्तांच्या लोंढ्यांत ७९ व्या मजल्यावरील टंकलेखिकांची वार्ता वाहून गेली, यांत नवल नाहीं.

आतां दोषाचा विचार. मुख्य दोष वैमानिकाच्या निर्णयाचा होता, हें नाकारतां येत नाहीं. इशारा मिळाला असतां, मागें फिरण्याची मुभा असतां, तो पुढें गेला. परंतु त्याच्यावर दगड उचलण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहिलें पाहिजे. जो मनुष्य तोफांच्या माऱ्यांतून अनेकदां वांचून आला, त्याला घरच्या आकाशांतील धुकें तें काय वाटणार? संकटांतून वारंवार सुटलेल्या माणसाच्या मनांत पुढच्याहि वेळीं सुटूं, असा एक भरवसा नकळत घर करतो. मोठ्या शत्रूला जिंकलेला योद्धा लहानशा घाईला बळी पडला. आम्हां सामान्य जनांच्या संसारांतहि असेंच घडतें. आणि ज्यांनीं त्याला परवानगी दिली त्यांनीं अट घातली होती, हें खरें. पण अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्याचें साधन त्यांच्या हातीं नव्हतें.

दुसरा प्रश्न न्यायाचा होता. मृतांच्या कुटुंबांनीं भरपाई मागावी ती कोणापाशीं? विमान सरकारचें, चालक सरकारचा. आणि सरकारवर त्याच्या संमतीवांचून दावा लावतां येत नाहीं, असा इंग्लंडच्या राजेशाहींतून आलेला जुना दंडक अमेरिकेंतहि चालत होता. नोकराच्या हातून नुकसान झाल्यास सावकाराला भरून द्यावें लागे, परंतु सरकार मात्र मोकळें. हा दंडक शिथिल करावा, अशी खटपट अमेरिकेच्या विधिमंडळांत वीस वर्षांहून अधिक काळ चालली होती. या दुर्घटनेनें त्या खटपटीला जोर आला. १९४६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेस फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट हा कायदा संमत होऊन सरकारी नोकरांच्या हलगर्जीपणाबद्दल सरकारवर फिर्याद करण्याचा हक्क प्रजेस मिळाला. कायद्याचा अंमल मागील तारखेपासून, म्हणजे १९४५ सालच्या जानेवारीच्या १ तारखेपासून, धरण्यांत आला. त्यामुळें त्या शनिवारच्या पीडितांसहि न्यायालयाचें दार उघडें झालें. मेलेलीं माणसें कायद्यानें परत येत नाहींत. तरीपण बलिष्ठानें दुर्बलाला उत्तर द्यावें, हें तत्त्व त्यांच्या मरणांतून एक पाऊल पुढें सरकलें.

यांहून एक कठीण प्रश्न उरतो. जीं माणसें परक्या भुकेल्यांसाठीं राबत होतीं, त्यांच्यावरच ही आपत्ति कां यावी? आणि तीहि शत्रूच्या नव्हे, स्वकीयांच्या विमानामुळें? आम्ही या प्रश्नाचें उत्तर जाणतों असा आव आणीत नाहीं. शुभवर्तमानांत सिलोआमच्या बुरुजाची हकीकत आहे. तो बुरूज कोसळून अठरा माणसें ठार झालीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें समजूं नका, असें प्रभूनें लोकांस बजाविलें, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या अंतःकरणाकडे वळविलें. मृतांचा हिशेब आपण करावयाचा नाहीं. आपण जिवंत आहों तोंपर्यंत काय करतों, एवढाच हिशेब आपल्याकडे मागितला जाणार आहे.

त्या संस्थेनें तो हिशेब कसा दिला, हें इतिहासांत नमूद आहे. कार्यालय जळालें, सहकारी गेले, तरी काम थांबलें नाहीं. युद्ध संपलें त्या हिवाळ्यांत युरोपांत भूक व थंडी यांनीं कहर केला होता, आणि अन्नवस्त्रांचीं पत्रें पुन्हा लिहिलीं जाऊं लागलीं. पुढील वर्षीं, १९४६ सालीं, संस्थेनें आपल्या हिंदुस्थानांत कार्यास आरंभ केला. तें आजतागायत चालूं आहे. जात, पंथ न विचारतां मदत द्यावी, हा तिचा परिपाठ आहे.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आमच्या देवळाच्या मृत्यु-नोंदवहींत त्या अकरा जणांचीं नांवें नाहींत, व असण्याचें कारणहि नाहीं. तीं दूरदेशची माणसें. त्यांनीं आमचें गांव कधीं पाहिलें नाहीं. तथापि ज्युबिलीच्या या आनंदांत, ज्यांच्या हातचें आपण खाल्लें त्यांच्या सोबत्यांस विसरूं नये. यंदा मृतांसाठीं मिस्सा होईल तेव्हां त्या अकरा जणांना, घरीं निघालेल्या त्या खलाशी मुलाला, त्याच्या सोबतच्या सार्जंटला आणि धुक्यांत वाट चुकलेल्या त्या तरुण वैमानिकालाहि आपल्या प्रार्थनेंत जागा द्यावी. आणि आपल्या धर्मग्रामांत गरिबांसाठीं यादी करणारा, पावती फाडणारा, पोतें उचलणारा जो कोणी निमूटपणें राबत असेल, त्याचे आभार तो जिवंत आहे तोंवरच मानावे, एवढीच आमची विनंति आहे. परमेश्वर त्या मृतांस चिरशांति देवो.